कौल

गौरी-गणपती पाण्यात जाण्यापूर्वीच आमच्या संपादकांचा निरोप येतो. पूर्वी पत्र यायचे, आता फोनवर येतो, पण मजकूर तोच असतो: ‘बाई, दिवाळी अंक आहे, काहीतरी हलकेफुलके होऊन जाऊ द्या.’ गेल्या दिवाळीत मी मोडणाऱ्या चकलीवर लिहिले होते, त्याच्या आदल्या दिवाळीत सासूबाईंच्या अडकित्त्यावर. वाचकांची गोड पत्रे आली. यंदाही असेच काही लिहावे म्हणून बसले होते. पण लेखणी भलतीकडेच गेली. तिला ओढून नेणारी आहे माझ्या वर्गातली, शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी. तेव्हा तक्रार असल्यास तिच्याकडे करावी.

दुसऱ्या वर्षाचा वर्ग, दुपारचा तास. पंखा नुसता आवाज करणारा. एकोणिसाव्या शतकातले गद्य शिकवत होते आणि जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’पाशी आले होते. १८७३ सालचे हे पुस्तक जोतीरावांनी कोणाला अर्पण केले, ठाऊक आहे ना? अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी त्यांनी निःस्वार्थपणे जे सोसले त्याबद्दल कौतुक म्हणून. आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र भावंडांना सोडवताना तो कित्ता गिरवावा, या आशेने. अठरा वर्षे मी ही अर्पणपत्रिका शिकवत आले आहे. दर वर्षी येथे जरा थांबते, आवाज किंचित चढवते, पुण्याच्या गंजपेठेतून थेट अमेरिकेकडे पाहणाऱ्या त्या नजरेबद्दल चार वाक्ये बोलते. ती वाक्ये आता इतकी घोटून गुळगुळीत झाली आहेत, की ती बोलताना मला दुसरा विचारही करता येतो.

शेवटच्या बाकावरून हात वर आला. ‘‘मॅडम, पण पुढे त्या लोकांचं काय झालं?’’

‘‘कोणत्या लोकांचं?’’

‘‘ज्यांना सोडवलं त्यांचं.’’

‘‘स्वतंत्र झाले,’’ मी म्हटले. तेवढ्यात घंटा झाली. मास्तरकीच्या धंद्यात घंटेइतका जिवलग मित्र नाही.

पण घरी आले तरी तो प्रश्न काही जाईना. मी एम. ए. मराठीची. अमेरिकेचा इतिहास मला सिनेमातून जेवढा कळला तेवढाच. दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना गाठले. ते कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढत म्हणाले, ‘‘घेऊन जा, पण १८७७ पाशी आलात की रात्री वाचू नका, झोप लागायची नाही.’’ मी अर्थातच रात्री वाचला.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. सुमारे चाळीस लाख गुलाम मोकळे झाले. येथपर्यंत माझ्या गुळगुळीत वाक्यांत होते. पुढचे नव्हते. मोकळे झाले म्हणजे काय झाले? जमीन जुन्या मालकाची, न्यायाधीश मालकाचा चुलतभाऊ, फौजदार मालकाचा मेहुणा. अशा ठिकाणी गुलामी संपली असे नुसते जाहीर करून काही होत नाही, हे वॉशिंग्टनच्या मंडळींना दोन वर्षांत कळून चुकले. म्हणून १८६७ च्या मार्चमध्ये तिथल्या संसदेने कायदा केला आणि हरलेल्या दक्षिणेतल्या दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग पाडले. लष्कराच्या देखरेखीखाली मतदारांच्या नव्या याद्या होऊ लागल्या आणि सुमारे सात लाख काळ्या पुरुषांनी त्यांत आपली नावे घातली. (बायकांना मत नव्हतेच, गोऱ्या नाही आणि काळ्याही नाही. त्याला आणखी पन्नासएक वर्षे लागली; पण तो दुसऱ्या लेखाचा विषय.)

मी त्या टेबलाचे चित्र डोळ्यांपुढे आणण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षांपूर्वी ज्याला बाजारात उभे करून विकता येत होते, ज्याला अक्षर शिकवणे बऱ्याच राज्यांत गुन्हा होता, तो मनुष्य एका टेबलापुढे येतो आणि नाव सांगतो. आडनाव नुकतेच घेतलेले, अजून जिभेवर न बसलेले. कारकून ते लिहून घेतो. दाराशी निळ्या गणवेशातला शिपाई उभा आहे. त्या शिपायाच्या भरवशावर हा मनुष्य आपले नाव अशा कागदावर चढवू देतो, जो कागद त्याचा जुना मालक केव्हाही वाचू शकेल.

माझा सारा लेख त्या कागदाबद्दल आहे.

कागदावर नावे चढली त्यातून जे झाले ते थोडे नव्हते. मिसिसिपी राज्यातून १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हा पहिला कृष्णवर्णीय मनुष्य सेनेटमध्ये गेला. रॉबर्ट स्मॉल्स नावाचा एक गुलाम खलाशी. त्याने युद्ध चालू असताना, १८६२ मध्ये, चार्ल्स्टन बंदरातून शत्रूची बोटच पळवली, तोफांच्या तोंडावरून आपल्या बायकामुलांसकट ती उत्तरेच्या आरमारात नेऊन पोचवली. तो पुढे संसदेत निवडून गेला. लहानमोठ्या अधिकारांच्या जागांवर सुमारे दोन हजार काळी माणसे बसली. दक्षिणेत सरकारी शाळांची घडी खऱ्या अर्थाने बसवली ती याच सरकारांनी, आणि त्या शाळांत गरीब गोऱ्यांची पोरेही शिकली. जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली ती हे सारे चालू असताना. ते भाबडे नव्हते. त्या वेळी अमेरिकेत खरोखरच असे काही घडत होते, जे जगात पूर्वी घडलेले नव्हते.

पण त्याच १८७३ च्या एप्रिलची १३ तारीख. ईस्टरचा रविवार. लुइझियाना राज्यातले कोलफॅक्स नावाचे गाव. निवडणुकीचा निकाल मानायला तयार नसलेला गोऱ्यांचा सशस्त्र जमाव कचेरीवर चालून गेला. आत काळी माणसे होती, आपण निवडून दिलेले सरकार राखायला बसलेली. कचेरीला आग लावली. शरण आलेल्यांनाही मारले. किती मेले याचा नक्की हिशेब कधीच लागला नाही. साठांपासून दीडशेपर्यंत आकडे देतात. खटले झाले, थोड्यांना शिक्षा झाल्या, आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षाही रद्द ठरवल्या. पुढे १९५० मध्ये सरकारने तेथे एक पाटी उभारली. तिच्यावर या कत्तलीचे वर्णन जवळजवळ मंगलकार्यासारखे होते: बाहेरच्यांचा अंदाधुंद कारभार येथे संपला, म्हणून. ती पाटी २०२१ च्या मे महिन्यात काढली. एकाहत्तर वर्षे ती तिथे उभी होती, आणि शाळेची पोरे तिच्यासमोरून जात होती.

‘‘म्हणजे सैन्य असून उपयोग झाला नाही, असंच ना?’’ मी इतिहासाच्या सरांना विचारले. आम्ही स्टाफरूममध्ये चहा घेत होतो.

‘‘उलट,’’ ते म्हणाले. ‘‘जिथे सैन्य होतं तिथे उपयोग झाला. कोलफॅक्समध्ये ते वेळेवर नव्हतं. १८७१ वाचलंत का?’’

वाचले होते. कु क्लक्स क्लान ही बुरखे घालून रात्री दारे ठोठावणारी टोळी. साउथ कॅरोलिनात तिचा कहर झाला तेव्हा अध्यक्ष ग्रँट यांनी नऊ परगण्यांत हेबियस कॉर्पसची हमी तात्पुरती बाजूला ठेवली, पलटणी धाडल्या, शेकड्यांनी माणसे धरली आणि खटले भरले. क्लानचे कंबरडे मोडले. पुढच्या वर्षीची निवडणूक त्या मानाने शांततेत गेली. फार मोठी फौज लागली असेही नाही. बुरख्याआडचे शौर्य समोर बंदूक दिसली की ओसरते, हे काही फक्त अमेरिकेतच खरे आहे असे नव्हे.

मग झाले काय? काही नाही. लोक कंटाळले.

हा शब्द मी हलकेपणाने वापरत नाही. १८७३ मध्ये पेढ्या बुडाल्या, मंदी आली. उत्तरेतल्या माणसाला आपला संसार दिसू लागला. वर्तमानपत्रे लिहू लागली: किती दिवस हे चालायचे? संगिनींच्या आधारावर उभे असलेले सरकार हे काय लोकांचे सरकार? त्यांनी आता आपल्या पायांवर उभे राहायला नको का? शिवाय ही सरकारे पैसे खातात. खात होतीही काही. ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच सुमारास न्यूयॉर्क शहरात ट्वीड नावाच्या पुढाऱ्याने आणि त्याच्या साथीदारांनी जे खाल्ले त्यापुढे दक्षिणेतली मंडळी म्हणजे खडीसाखर चोरणारी पोरे. न्यूयॉर्ककरांचे मत काढून घ्या, असे मात्र कोणी म्हणाले नाही.

१८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरांनी, अ‍ॅडलबर्ट एम्स यांनी, निवडणुकीपुरते सैन्य मागितले. वॉशिंग्टनहून उत्तर आले, त्याचा मथितार्थ असा, की दर शरद ऋतूत दक्षिणेत होणाऱ्या या दंग्यांना जनता आता विटली आहे. सैन्य आले नाही. याझू नावाच्या परगण्यात एम्स यांच्या रिपब्लिकन पक्षाला मते पडली सात. सात हजार नव्हे, सातशे नव्हे. सात. तिथल्या यादीवर काळ्या मतदारांची हजारो नावे होती.

येथे माझ्यातली मराठीची मास्तरीण जागी झाली, क्षमा करा. आपल्याकडे ‘कौल’ म्हणून एक शब्द आहे. निवडणुकीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांचा मथळा ठरलेला: ‘जनतेचा कौल’. पण हा शब्द मुळात जनतेचा नव्हे. तो अरबीतून आला, आणि त्याचा अर्थ दिलेला शब्द, वचन. शिवकालीन, पेशवेकालीन कागदांत कौलनामे सापडतात. दंग्याधोप्याने, दुष्काळाने रयत गाव टाकून पळाली, की सरकार तिला कौल द्यायचे: परत या, नांगर धरा, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही, आमचा कौल आहे. त्या कागदाच्या विश्वासावर माणसे पडक्या घरांना पुन्हा शाकारायची. म्हणजे पूर्वी कौल वरून खाली यायचा, आता तो खालून वर जातो. मला वाटते हे दोन अर्थ वाटतात तितके वेगळे नाहीत. सरकारने अभयाचा कौल दिल्याशिवाय गांजलेला मनुष्य आपला कौल देतच नाही. पहिला कौल मोडला तर दुसऱ्याची नुसती रद्दी होते असेही नाही. त्या रद्दीवर नावे असतात. ती यादी शत्रूच्या हाती जाते.

सैन्य मागे घेण्याबद्दल जे बोलतात ते बहुधा हिशेबाचे बोलतात. किती खर्च झाला, किती माणसे गेली, किती वर्षे झाली. हे हिशेब खोटे नसतात. पण त्या हिशेबात एक रकाना नसतो: आपल्या सांगण्यावरून किती जणांनी नावे लिहिली? जो मनुष्य कधी पुढे आलाच नाही त्याला सोडून जाणे निराळे, आणि ज्याला आपण हाताला धरून पुढे आणले त्याला सोडून जाणे निराळे. पहिली गोष्ट फार तर उदासीनता. दुसरीला मराठीत जो शब्द आहे तो दिवाळीच्या दिवशी लिहिण्यासारखा नाही.

१८७६ च्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि निकाल अडला. टिल्डन यांना १८४ मते, हवी होती १८५. वीस मतांबद्दल वाद, त्यांतली एकोणीस फ्लॉरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना या तीन दक्षिणी राज्यांतली. पंधरा जणांचा आयोग बसला आणि आठ विरुद्ध सात असे करत करत सारी वीस मते हेज यांच्या पदरात पडली. १८५ विरुद्ध १८४. पण दक्षिणेतल्या पुढाऱ्यांनी हा निकाल मुकाट्याने मानावा म्हणून पडद्याआड बोलणी झाली. त्यांतली एक बैठक वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलात झाली. या हॉटेलाचे मालक जेम्स वर्मली हे स्वतः कृष्णवर्णीय गृहस्थ होते. ज्यांच्या नशिबाचा सौदा त्या खोलीत चालला होता, त्यांच्यापैकी त्या बैठकीशी संबंध असलेले नाव काय ते या यजमानांचे.

१० एप्रिल १८७७ रोजी साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनातून सैनिक निघाले. २४ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समधून. मी समजत होते की मोठी फौज बोटी भरभरून परत गेली असेल. तसे काही नाही. दक्षिणेत तेव्हा सैन्य उरलेच होते मूठभर, आणि तेही घरी गेले नाही. नुसते विधानभवनाच्या दारातून उठून आपल्या बराकीत गेले. तेवढे पुरले. दोन्ही राज्यांतली सरकारे त्याच दिवसांत कोसळली. नव्या सत्ताधाऱ्यांनी हेजसाहेबांना शब्द दिला होता, की काळ्यांच्या हक्कांना धक्का लागणार नाही. हेजसाहेबांनी तो शब्द खरा मानला. काही माणसांना असा विश्वास ठेवणे फार सोयीचे असते.

आणि सैन्याला विश्रांती हवी होती म्हणावे, तर त्याच वर्षीच्या जुलैमध्ये रेल्वे कामगारांचा संप झाला, तेव्हा तो मोडायला याच अध्यक्षांनी सैन्य बाहेर काढले. सैनिक होते, बंदुका होत्या. कंटाळा फक्त एका पहाऱ्याचा आला होता.

पुढचे मी भरभर सांगते, कारण ते सांगण्यासारखे कमी आणि मोजण्यासारखे जास्त आहे. खून, चाबूक, धमक्या; त्यानंतर कायदे. मिसिसिपीने १८९० मध्ये घटनाच अशी बदलली, की कर आणि वाचनाची परीक्षा यांच्या चाळणीतून काळा मतदार गळून पडावा. लुइझियानाने १८९८ मध्ये तेच केले. त्या राज्यात त्याआधी एक लाख तीस हजारांवर काळे मतदार यादीत होते. १९०० मध्ये उरले पाच हजारांच्या थोडे वर. दक्षिणेतून निवडून आलेला शेवटचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी, जॉर्ज व्हाइट, १९०१ च्या मार्चमध्ये संसदेतून बाहेर पडला. त्यानंतर दक्षिणेतून दुसरा कृष्णवर्णीय मनुष्य तेथे पोचायला १९७३ साल उजाडले.

आमच्या इतिहासाच्या सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती तर मराठी माणसाने विसरूच नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच विद्यापीठात तेव्हा विल्यम डनिंग हे प्राध्यापक होते, आणि काळ्यांना मताचा हक्क देणे हीच मुळात चूक होती असे मानणारा इतिहासकारांचा एक संप्रदायच त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो कित्येक दशके तिकडे प्रमाण मानला जाई. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये त्याला ग्रंथभर उत्तर दिले. बाबासाहेबांनी मात्र त्यातून नेमका उलटा धडा घेतला. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, हे तपासणाऱ्या त्यांच्या १९४५ च्या पुस्तकात अमेरिकेतल्या काळ्यांचा हा इतिहास येतो: ज्यांनी त्यांना सोडवले त्यांनीच पुढे गोऱ्यांशी समेट करून त्यांना वाऱ्यावर सोडले, आणि आम्ही अस्पृश्य ते विसरू शकत नाही, आम्हाला आधी घटनेत लिहिलेली हमी हवी. जोतीरावांनी १८७३ मध्ये या गोष्टीचा पहिला अर्धा भाग पाहिला, बाबासाहेबांनी दुसरा. मी अठरा वर्षे मुलांना अर्धीच गोष्ट शिकवत होते.

आता इतिहासाच्या सरांचा आक्षेप. मला तो मोठा वाटला, म्हणून येथे मांडते. ते म्हणाले, ‘‘बाई, तुमचं म्हणणं पुढे नेलं तर इंग्रज १९४७ साली गेले हेही चुकलं!’’

मी म्हटले, ‘‘इंग्रजांची फौज आपल्या मताच्या पेटीवर पहारा करत नव्हती, सर. ती पेटी आपल्याला मिळू नये म्हणून होती. तरी जाण्याच्या रीतीबद्दल बोलायचं तर पंजाबात सीमेवरचं खास दल नेमलं ते १९४७ च्या ऑगस्टमध्ये, आणि मोडलं सप्टेंबर लागताच. गाड्या भरून प्रेतं येत होती ते दिवस हेच.’’

ते थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बरं, काबूल?’’

खरी अडचण तीच. लुइझियानातला मतदार हा अमेरिकेचाच नागरिक, तिथला शिपाईही त्याच देशाचा. काबूलमधली फौज परक्यांची. परकी फौज वीस वर्षे एखाद्या देशात राहते तेव्हा तिच्या हातून काय काय होते, हे अफगाणांनी सोसले आहे, आणि ते लोकशाहीच्या नावाखाली झाकावे असे मी म्हणणार नाही. कोणाच्या देशात लोकशाही पोचवायला बंदुका घेऊन जावे, असेही माझे मत नाही. पण गेल्यावर काय? ९ ऑक्टोबर २००४ रोजी तिथे अध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक झाली. ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी मत दिले. २००४ च्या घटनेने संसदेत बायकांसाठी जागा राखून ठेवल्या. काबूलची नवी संसद तर आपल्याच देशाने बांधून दिली, २०१५ च्या नाताळच्या दिवशी तिचे उद्घाटन झाले. २०१४ मध्ये हेरातकडे तालिबानने मत देऊन परतणाऱ्या म्हाताऱ्यांची शाई लागलेली बोटे छाटली. बोटावरची शाई हीसुद्धा यादीच की. तरी लोक पुन्हा मताला गेले.

मग २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा शहरात करार झाला: एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला तालिबान. निवडून आलेले अफगाण सरकार त्या टेबलाशी नव्हतेच. मला वर्मली हॉटेल आठवले. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडले, ३० ऑगस्टच्या मध्यरात्रीपूर्वी शेवटचे अमेरिकन विमान उडाले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठाचेही दार बंद झाले. पुण्यात शिकायला आलेली अफगाण मुले तुम्ही-आम्ही पाहिली आहेत. त्या दिवसांत त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हते.

‘‘पण कायम तर राहता येत नाही ना कोणाला?’’ सर म्हणाले.

नाही येत. पण पहारा कधी उठवायचा हे पहारेकऱ्याने आपल्या थकव्यावरून ठरवू नये. ज्याच्या दाराशी तो उभा आहे त्याला विचारावे. ‘‘तो कधीच ‘जा’ म्हणणार नाही,’’ सर म्हणाले. मी म्हटले, १९५७ च्या २४ सप्टेंबरला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लिट्ल रॉक गावात नऊ काळ्या मुलांना शाळेत पोचवण्यासाठी पुन्हा पलटण धाडली. (सत्यशोधक समाजाची स्थापनाही २४ सप्टेंबरचीच, १८७३ ची. याला काही अर्थ नाही, पण मला तारीख पाहून बरे वाटले.) १९६५ मध्ये मताधिकाराचा कायदा झाला, नाव नोंदवायला केंद्राचे अधिकारी गेले, आणि मिसिसिपीत काळ्यांची मतदारनोंदणी दोन वर्षांत सुमारे सात टक्क्यांवरून साठ टक्क्यांच्या घरात गेली. त्या पहाऱ्याला कायमचे थांबावे लागले नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षे उशीर मात्र झाला होता.

मी हे सारे इतक्या तावातावाने का सांगते आहे, असे वाचकांना वाटेल. सरांनाही वाटले. त्यांना जे सांगितले नाही ते येथे लिहिते.

काही वर्षांपूर्वी मी राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहत असे. साताऱ्याकडच्या एका गावात आमचे सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर होते. पन्नास मुलेमुली. वस्तीकडून स्मशानभूमीकडे जाणारी वाट एका वजनदार शेतकऱ्याने नांगरून टाकली होती. मयत न्यायचे तर दोन मैलांचा वळसा. मुलांनी ते पाहिले आणि पेटली. मीही पेटले. ग्रामसभेत हा विषय निघाला पाहिजे असे ठरले. वस्तीवरचे पुरुष मागे सरले. एक बाई पुढे झाली, पन्नाशीची असेल. मला म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही मागं बसा, मी बोलते.’’

आम्ही बसलो, एकावन्न जण तिच्या पाठीशी. ती बोलली. असे बोलली की सभा चिडीचूप. अर्ज लिहिला गेला, त्यावर अकरा नावे पडली. तिचे नाव सर्वांत वर असावे, हे मी सुचवले. अक्षरही माझेच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सातव्या दिवशी एस. टी. आली आणि आम्ही गाणी म्हणत परत आलो.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. ‘‘बाई, गिरणीवाला दळण घ्येत न्हाई. पोरांनाबी कामावर बोलवत न्हाईत कुणी.’’ मी तिला तहसीलदारांकडे अर्ज करायला सांगितले. मी येऊन जाते म्हणाले. परीक्षा लागल्या होत्या, पेपर तपासायचे होते, घरी मुलाला गोवर निघाला. यांतले एकही कारण खोटे नव्हते. आणखी दोनदा फोन आला, मग आला नाही. पुढच्या दिवाळीच्या आत ती बिऱ्हाड उचलून पिंपरीला भावाकडे गेल्याचे कळले. वाट अजून नांगरलेलीच आहे.

त्या मुलीला मी वर्गात उत्तर दिले. दोन तास लागले. अभ्यासक्रम मागे पडला. ती काही बोलली नाही, वहीत तारखा उतरून घेत होती. तास संपल्यावर एवढेच म्हणाली, ‘‘मॅडम, ही गोष्ट परीक्षेला आहे का?’’ मी नाही म्हटले. तरी तिने वही मिटली नाही.

यंदा शिबिराचे काम पुन्हा माझ्याकडे आले आहे. सरकारी भाषेत ज्या गावात शिबिर घ्यायचे त्याला ‘दत्तक गाव’ म्हणतात. मराठीत दत्तक घेणे हा किती जड शब्द आहे, हे तो छापील नमुना तयार करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे. त्यात गावाचे नाव लिहायचे, पोचण्याची तारीख लिहायची, परतीची तारीख लिहायची. मी त्याच गावाचे नाव लिहिले. अर्जावरची उरलेली दहा नावे अजून तिथेच राहतात. परतीच्या तारखेपाशी मात्र पेन अडले, म्हणून ती जागा कोरी ठेवून नमुना कार्यालयात दिला. काल तो परत आला. लिपिकाने त्या रकान्याभोवती लाल शाईने गोल काढून लिहिले आहे: ‘माहिती अपूर्ण’.